फ्लॉरेन्समध्ये चार रात्री: आधी काय बुक करायचं, मग काय

आपल्याकडच्या बहुतेक युरोप टूरमध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. बस पियाझ्झाले मिकेलान्जेलो या उंचावरच्या चौकात थांबते, वरून शहराचे फोटो निघतात, खाली कॅथेड्रलभोवती एक चक्कर होते आणि मंडळी पुढच्या मुक्कामाला लागतात. ब्रुनेलेस्कीने बांधलेला कॅथेड्रलचा घुमट, बोतिचेल्लीची चित्रं आणि मिकेलान्जेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा चालत जाण्याच्या अंतरावर एकत्र असलेल्या शहराची अशी बोळवण होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. स्वतः आखणी केलीत तर चार रात्रींत, म्हणजे तीन पूर्ण दिवसांत, हे शहर नीट पाहून होतं. त्यात अवघड काही नाही, घोळ होतो तो क्रमाचा. व्हिसाच्या आधी कशाचे पैसे भरायचे, कशाचे अजिबात भरायचे नाहीत, कुठलं तिकीट आधी काढायचं, हे एकदा जुळलं की बाकी सगळं आपोआप बसतं.

खाली दिलेले दर अंदाजासाठी आहेत. ते दरवर्षी थोडे वाढतात, म्हणून पैसे भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

१. तारखा ठरवताना सोमवार कुठे येतो ते बघा

उफीझी, अकादेमिया आणि पित्ती राजवाडा ही तिन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं, कारण तिथे प्रार्थना चालू असतात. शनिवार ते मंगळवार असा मुक्काम ठेवलात तर चारातले दोन दिवस अडचणीचे निघतात. मंगळवारी किंवा बुधवारी पोहोचून शनिवारी किंवा रविवारी निघणं सर्वांत सोयीचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण त्या दिवशी आरक्षण मिळत नाही आणि रांगा फार लांब असतात. मोजके दिवस हातात असतील तर या फुकटच्या मोहात पडू नका.

हंगामाचं म्हणाल तर आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथल्या गर्दीची सुरुवात. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी गल्ल्या तापतात, पारा पस्तिशीच्या वर जातो आणि १५ ऑगस्टच्या सुमारास फेर्रागोस्तोच्या सुट्टीसाठी अनेक घरगुती खाणावळी बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाता आलं तर उत्तम. हवा गार असते आणि गर्दी कमी. पाऊस मात्र येतो, त्यामुळे छत्री लागते.

२. प्रवासाच्या दिवसापासून उलटं मोजा

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो, पण काही प्रकरणं पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतात. घुमटाचं तिकीट एकदा काढलं की परत होत नाही, म्हणून ते व्हिसा हातात आल्यावरच काढायचं. आणि वर चढायच्या चांगल्या वेळा तर आधीच संपतात. यातून एकच वाट निघते: अर्ज असा करा की व्हिसा प्रवासाच्या निदान दीड महिना आधी हातात असेल. मेमध्ये जायचं तर जानेवारीतच अपॉइंटमेंट बघायला घ्या. एप्रिल-मेच्या अपॉइंटमेंट फार लवकर भरतात.

इटलीचे अर्ज भारतात व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रांवर घेतले जातात. प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे चुकीच्या देशाकडे अर्ज करणं. सहलीत स्वित्झर्लंडच्या पाच रात्री आणि इटलीच्या चार असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जातो, कारण जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी प्रवेश करता त्याच्याकडे. दुसरी चूक म्हणजे व्हिसाआधीच परत न होणारं विमानाचं तिकीट काढणं. अर्जासाठी आरक्षण पुरतं. हॉटेलही मोफत रद्द करता येईल असंच घ्या.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही सोबत न्या
- भरलेला आणि सही केलेला अर्ज, ३५ × ४५ मिमीचे अलीकडचे फोटो
- जाण्यायेण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल आरक्षण
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण, सर्व शेंगेन देशांसाठी, मुक्कामाचे सगळे दिवस धरून
- बँकेचा शिक्का असलेली अलीकडच्या महिन्यांची स्टेटमेंट्स, आयटी रिटर्न
- नोकरदारांसाठी सॅलरी स्लिप आणि रजेचं पत्र किंवा एनओसी. व्यावसायिकांसाठी नोंदणीची कागदपत्रं. निवृत्तांसाठी पेन्शनचे कागद
- कव्हर लेटर: कोण जाणार, कुठल्या तारखेला कुठे राहणार, खर्च कोण करणार
- मुलं एकाच पालकाबरोबर जात असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र

कव्हर लेटरमधल्या तारखा, हॉटेलच्या तारखा आणि विम्याच्या तारखा एकमेकींशी तंतोतंत जुळतात ना, हे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून तपासा. खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम टाकू नका. त्यापेक्षा नियमित येणारा पगार दिसणं चांगलं.

३. व्हिसा आला की ही तीन तिकिटं, याच क्रमाने

पहिलं घुमटाचं. सांता मारिया देल फियोरे या कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट नाही, पण वर चढायला ब्रुनेलेस्की पास लागतो. तो साधारण ३० युरोंना मिळतो आणि तीन दिवस चालतो. त्यात घुमट, जोत्तोचा मनोरा, बाप्तिस्मागृह, संग्रहालय आणि कॅथेड्रलखालचे जुन्या चर्चचे अवशेष येतात. घुमटाची वेळ ठरलेली असते आणि ती बदलून मिळत नाही, म्हणून हे तिकीट आधी काढायचं आणि बाकीचं त्याभोवती बसवायचं. सकाळची पहिली वेळ मिळाली तर सोडू नका.

वर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. वाट अरुंद आहे आणि मध्येच मागे फिरणं कठीण. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असेल तर आग्रह धरू नका. पण चढू शकत असाल तर जरूर चढा. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने हा घुमट खालून लाकडी आधार न देता बांधला. एकात एक अशी दोन कवचं, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचलेल्या, जेणेकरून ओल्या चुन्यातही वरचा थर खाली घसरू नये. तुम्ही चढता ते या दोन कवचांच्या मधून. हाताला लागते ती भिंत आणि तिची कलत जाणारी वाट कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त समजावते. मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत आणि तिथून घुमट समोर दिसतो. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर मी घुमटच सांगेन.

दुसरं उफीझीचं. तिकीट पंचवीस युरोंच्या आसपास, आरक्षणाचे चार युरो वेगळे. अठरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठल्याही देशाची असोत, प्रवेश मोफत आहे. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा. पित्ती राजवाडा आणि बोबोली बाग पण बघायची असेल तर तिन्हींचं पाच दिवसांचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं.

तिसरं अकादेमियाचं, डेव्हिडसाठी.

तिन्ही तिकिटं त्या त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. इंटरनेटवर शोधलं की आधी दलालांची पानं येतात. दिसायला ती अगदी अधिकृत असतात आणि तेच तिकीट दुपटीला विकतात. किंमत अधिकृत दरापेक्षा बरीच जास्त दिसली की ओळखा. अधिकृत ठिकाणी वेळा संपल्या असतील तरच मार्गदर्शकासहित तिकिटाचा विचार करा, आणि त्यात वाटाड्याचे पैसे आहेत हे समजून करा.

४. राहायचं कुठे

जुनं शहर तासाभरात आडवं पार होतं, त्यामुळे 'मध्यवर्ती' या शब्दासाठी फार पैसे मोजू नका. सामान जड असेल किंवा सोबत ज्येष्ठ असतील तर सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनच्या जवळ राहा. संध्याकाळी शांतता हवी असेल तर आर्नो नदीपलीकडचा ओल्त्रार्नो भाग: सांतो स्पिरितो, सान फ्रेदियानो. सांत अंब्रोज्योच्या बाजाराजवळही चांगलं, आणि खाणं तिथे स्वस्त.

बुक करण्याआधी लिफ्ट आहे का ते विचारा. कित्येक इमारती शेकडो वर्षं जुन्या आहेत, आणि तिसरा मजला म्हणजे सत्तर-ऐंशी उंच पायऱ्या असू शकतात. उन्हाळ्यात एसी आहे का, तेही. शहराचा पर्यटक कर खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो. तो माणशी, दर रात्री असा हॉटेलच्या दर्जाप्रमाणे काही युरो, मुक्कामाच्या ठिकाणीच भरावा लागतो. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींचा हा आकडा चांगलाच जाणवतो, बजेटमध्ये धरून ठेवा.

५. पोहोचायचं कसं

स्थानकावर आणि तिकिटावर शहराचं नाव 'फिरेंझे' असतं. मुख्य स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला, पण काही वेगवान गाड्या कांपो दी मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात. तिकीट काढताना कुठलं स्टेशन ते नीट वाचा.

फ्लॉरेन्सच्या विमानतळावरून, म्हणजे पेरेतोलाहून, टी-२ ट्राम वीसेक मिनिटांत शहरात आणते. पिसाला उतरलात तर विमानतळावरून शटलने पिसा चेंत्राले स्टेशन आणि तिथून तासाभराची लोकल गाडी. रोमच्या फ्युमिचिनोवरून लिओनार्दो एक्स्प्रेसने अर्ध्या तासात रोमचं तेर्मिनी स्टेशन, तिकीट १४ युरो, आणि पुढे वेगवान गाडीने दीड तास. वेगवान गाड्या त्रेनितालिया आणि इतालो अशा दोन कंपन्यांच्या आहेत. दोघांचे दर बघा, लवकर काढलेलं तिकीट खूप स्वस्त असतं. पण ते त्याच गाडीपुरतं चालतं. सीमेवर आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद होते, रांग हलायला वेळ लागतो. विमान उतरणं आणि पुढची गाडी यात निदान तीन तास सोडा.

लोकल गाडीचा सापळा वेगळा आहे. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, मोबाइलवर काढलं असेल तर चढण्याआधी त्यातल्या दुव्यावर चेक-इन करावं लागतं. तिकीट असूनही हे राहिलं तर दंड होतो, आणि 'आम्ही परदेशी आहोत' ही सबब चालत नाही.

भाड्याची गाडी घेण्याचा विचार असेल तर ती शहर सोडतानाच घ्या. जुन्या शहराचा बहुतेक भाग 'झेडटीएल' आहे, म्हणजे परवान्याविना गाडी नेता येत नाही. नाक्यावर माणूस नसतो, कॅमेरा असतो. दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते आणि गाडीवाली कंपनी आपला आकार वेगळा कापते.

६. तीन दिवसांची मांडणी

रोज सकाळी एकच मोठी गोष्ट, आणि दुपार मोकळी. एवढा नियम पाळलात तर पाय आणि डोळे दोन्ही टिकतात.

पहिला दिवस कॅथेड्रलचा. सकाळी घुमट, मग मागच्या बाजूचं संग्रहालय. हे लोक सोडतात आणि फार मोठं गमावतात. बाप्तिस्मागृहाच्या दारावर जी सोनेरी शिल्पं बघायला गर्दी असते त्या प्रतिकृती आहेत. गिबेर्तीची मूळ दारं या संग्रहालयात आहेत, आणि त्यांच्यासमोर निवांत उभं राहता येतं. मिकेलान्जेलोने म्हातारपणी घडवलेली आणि अर्धवट सोडलेली पिएता, म्हणजे येशूचा मृतदेह सावरणारं शिल्प, तीही इथेच. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी उफीझी, उघडण्याच्या वेळेला. वाझारी या वास्तुकाराने १५६० मध्ये ही इमारत फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो मेदिची याच्या कचेऱ्यांसाठी बांधायला घेतली. मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा हिने १७३७ मध्ये करार केला की घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. तिने हे केलं नसतं तर ही चित्रं युरोपभर विखुरली असती. सगळ्या खोल्या बघायचा अट्टहास नको. बोतिचेल्लीच्या खोल्या, लिओनार्दोचं 'अनन्सिएशन', मिकेलान्जेलोचं गोल चित्र, काराव्हाज्जो आणि आर्तेमिझिया जेंतिलेस्की, एवढ्यावर वेळ घाला. संध्याकाळी १३४५ चा पोंते व्हेक्क्यो हा पूल ओलांडून पलीकडे जा. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने आर्नोवरचे बाकी सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. पुढे चढ चढून, किंवा १२ वा १३ क्रमांकाच्या बसने, सान मिनियातोच्या चर्चपर्यंत जा. पियाझ्झाले मिकेलान्जेलोवरची गर्दी इथपर्यंत येत नाही, दृश्य मात्र तितकंच मोठं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकादेमिया. पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या चौकातला डेव्हिड प्रतिकृती आहे. मूळ पुतळा १८७३ मध्ये आत हलवला. पाच मीटरहून उंच, आणि तो एका अशा संगमरवरी शिळेतून काढला जिच्यावर आधीच्या शिल्पकारांनी हात टेकले होते. तिथून दोन मिनिटांवर सान मार्कोचा मठ आहे. तिकीट कमी, गर्दी कमी. फ्रा आंजेलिकोने साधूंच्या एकेका खोलीत काढलेली भित्तिचित्रं तिथे जागच्या जागी आहेत. सकाळीच जा, कारण मठ दुपारी लवकर बंद होतो.

पिसा, सिएना, लुक्का हे सगळं जवळ आहे, पण तीन दिवसांत यांपैकी काहीही घुसवू नका. पाचवा दिवस मिळाला तरच.

७. कास्चिने बागेतली कोल्हापूरच्या महाराजांची छत्री

तिसऱ्या दिवशीची दुपार मराठी माणसाने या जागेसाठी राखून ठेवावी. १८७० साली कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतत होते. वाटेत फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय जेमतेम वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. हिंदू पद्धतीने दहन ही गोष्ट तिथे नवीन. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. त्याच ठिकाणी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. शेजारून जाणाऱ्या १९७८ च्या पुलाचं नावही त्यांच्यावरूनच पडलं: पोंते अल्लिंदियानो.

टी-१ ट्रामचा कास्चिने थांबा बागेच्या पूर्व टोकाला आहे आणि छत्री पश्चिम टोकाला, मधे तीनेक किलोमीटर सावलीची वाट. सायकल भाड्याने घ्या, नाहीतर चाला, पण उजेड असेपर्यंत परत फिरा. तिकीट नाही, दुकान नाही, पाणी सोबत न्या.

८. शाकाहारी असाल तर

फ्लॉरेन्सचा तोस्काना प्रांत बीफ आणि डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध असला तरी गरिबाघरचे भाकरी-भाजीचे पदार्थही तिथलेच. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, काळी कोबी आणि पांढरे घेवडे घालून शिजवलेलं दाट कालवण. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. उन्हाळ्यात पान्झानेल्ला, म्हणजे पाव आणि टोमॅटोची कोशिंबीर. दोन्ही-तिन्ही बहुधा शाकाहारी असतात, पण रिबोल्लितात कधी मांसाचं पाणी किंवा डुकराचं मांस घालतात, म्हणून विचारा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने'. अंडं नको असेल तर 'सेन्झा ऊओव्हा', कांदा-लसूण नको असेल तर 'सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो'. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. कडक शाकाहारी असाल तर 'सेन्झा फोर्माज्जो' सांगा. गाड्यांवर मिळणारं लांप्रेदोत्तो म्हणजे गाईचा कोठा, नावावरून अंदाज येत नाही. तिथला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नाही.

स्वयंपाकघरं दुपारी तीन ते सात बंद असतात. मुलं बरोबर असतील तर स्कियाच्चाता, म्हणजे तेलातला चपटा पाव, घेऊन ठेवा. मेर्कातो चेंत्रालेचा वरचा मजला मात्र दिवसभर चालू असतो. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नाही. कॉफी उभ्याने प्यायलात तर स्वस्त, टेबलावर बसलात तर महाग.

घरून चिवडा, चकल्या, खाकरे, मेतकूट खुशाल न्या. पण युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे: पेढे, बर्फी, तूप, पनीर, श्रीखंडवडी काही चालत नाही. बहुतेक ताज्या फळांनाही प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेऊ नका.

९. पैसे, पाकीट आणि दंड

फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो पुरतात. यंत्राने 'रुपयांत की युरोत' असं विचारलं तर नेहमी युरो निवडा, रुपयांचा दर फार वाईट असतो. पाकीटमार स्टेशनवर, भरलेल्या बसमध्ये आणि चौकांतल्या गर्दीत असतात. तिकीट यंत्राजवळ मदतीला येणाऱ्या अनोळखी माणसाला नम्रपणे नाही म्हणा. पासपोर्ट खोलीत कुलपात, फोटोप्रत मोबाइलमध्ये.

रस्त्यावर चित्रं पसरून बसलेल्यांच्या कडेने जा. चुकून पाय पडला की पैसे मागतात. नकली बॅगा आणि चष्मे घेऊ नका, विकणाऱ्याइतकाच घेणाराही दंडाला पात्र असतो आणि रक्कम शेकडो युरोंची होऊ शकते. पाण्याची बाटली भरायला पियाझ्झा देल्ला सिन्योरियात सार्वजनिक नळ आहे. आणीबाणीचा क्रमांक ११२.

१०. बॅग भरताना आणि परतताना

आपले तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, गोल दोन पिनांचा अॅडॉप्टर घ्या. बूट वापरातले, पायाला सरावलेले हवेत. नवे कोरे नकोत. दगडी फरसबंदीवर छोट्या चाकांच्या बॅगा अडतात, म्हणून मोठी एक नेण्यापेक्षा मध्यम दोन न्या. बाथरूमची चिंता करणाऱ्यांसाठी: इटलीत जवळपास प्रत्येक न्हाणीघरात बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं बुटकं बेसिन असतं.

चामड्याची वस्तू घेतलीत आणि एका दुकानातलं बिल ७० युरोंच्या वर गेलं तर कर परताव्याचा कागद मागून घ्या. दुकानात पासपोर्ट लागतो. त्यावरची नोंद युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर करायची असते. फ्लॉरेन्सहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला येत असाल तर ती फ्रँकफर्टला होते. वस्तू चेक-इन बॅगेत टाकणार असाल तर बॅग सोपवण्याआधी काउंटरवर विचारा, नाहीतर हातातल्या बॅगेतच ठेवा.